कळ कळवायची कुणाला?

डिचोली तालुक्यातल्या सर्वणच्या घरी मावशीच्या खाटेजवळ भिंतीवर कॅलेंडर टांगलेलं असे. दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख, कुणाच्या बारशाचं बोलावणं, सगळं त्या चौकटींत लिहायची घरची रीत. तिच्या आजारपणात तिथे पेन्सिलीच्या फुल्या दिसायला लागल्या. कळ उठली की एक फुली. दिवसाची कळ चौकटीत वर, रात्रीची खाली. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. स्तनाचा कर्करोग हाडांत उतरला होता, कंबर आणि मांडी ठणकत असायची, पण इस्पितळात डॉक्टरांपुढे बसली की तिच्या तोंडून "बरें आसा" याखेरीज काही निघत नसे.

एकदा घरी आलेल्या सिस्टरचं लक्ष तिकडे गेलं. "मावशे, ह्यो फुल्यो कसल्यो?" मावशीने सांगितलं. सिस्टरनी कॅलेंडर खिळ्यावरून काढून मांडीवर घेतलं आणि फुल्या मोजल्या. बहुतेक सगळ्या चौकटीच्या तळाशी होत्या. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. मावशीची शेवटची गोळी रात्री दहाला आणि पुढची सकाळी सहाला, म्हणजे पहाटेचे चार तास ती औषधाविना काढत होती. सिस्टरनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. झोपतानाची मात्रा दुप्पट करायची, ही यावरची जुनी, रुळलेली पद्धत. ती त्या रात्रीपासून सुरू झाली.

कर्करोगाच्या वेदनेसाठी डिजिटल साधनं कशी वापरावीत, याचा अभ्यास गेली वीसेक वर्षं जगभर चालू आहे. तो वाचताना मला ते कॅलेंडर आठवत राहतं. त्या दिवशी तीन गोष्टी जुळल्या होत्या: कळ उठली तेव्हाच तिची नोंद झाली, उपाय करू शकणाऱ्या माणसाने ती वाचली, आणि उपायाचं औषध घरात होतं. फोन आणि ॲप यांतलं पहिलं काम सोपं करतात. उरलेली दोन कामं कोण करणार, यावर त्या साधनाचं मोल ठरतं.

दुखण्याचं माप

तापाला थर्मामीटर आहे, रक्तदाबाला पट्टा आहे. दुखण्याला रोग्याच्या शब्दापलीकडे माप नाही. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेच्या शब्दांचीच प्रश्नावली केली. ठणकणं, टोचणं, जळणं अशा शब्दांचे गट पाडून रोग्याला त्यांतून निवड करायला सांगितलं. पुढे शून्य ते दहाची पट्टी रूढ झाली. मुलांसाठी हसऱ्यापासून रडक्यापर्यंतचे वाँग-बेकर चेहरे आले. १९९१ साली कॅनडातल्याच एडमंटनमध्ये वेदनेबरोबर थकवा, मळमळ, भूक, चिंता अशी लक्षणं एका कागदावर मोजणारी पद्धत तयार झाली. आजची बहुतेक ॲप्स आतून या जुन्या कागदांवरच उभी आहेत.

प्रश्न केवढा मोठा आहे, तेही पाहू. भारतात २०२२ साली कर्करोगाचे सुमारे १४ लाख नवे रुग्ण झाल्याचा अंदाज आहे. जगभरच्या अभ्यासांची एकत्र मोजदाद २०१६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार उपचार चालू असताना ५५ टक्के रुग्णांना वेदना असते, आणि रोग पसरलेला असेल तर ६६ टक्क्यांना. जागतिक आरोग्य संघटनेने औषधांची शिडी १९८६ सालीच आखून दिली: औषध शक्यतो तोंडावाटे, घड्याळ लावून, आणि वेदनेच्या पायरीनुसार. कर्करोगाची बहुतेक दुखणी या साध्या मार्गाने आटोक्यात येतात, हे तेव्हापासून माहीत आहे. तरी माणसं कण्हत राहतात. याचं एक कारण असं की दुखणं घरी उठतं आणि त्याची चौकशी महिन्यातून एकदा इस्पितळात होते. मधल्या एकोणतीस दिवसांचं रोग्याला नीट आठवत नाही. जे आठवतं ते ओपीडीच्या रांगेत दहा माणसांसमोर सांगवत नाही.

फोनवरची नोंद

या मधल्या दिवसांसाठी डिजिटल नोंदवही निघाली. रोगी फोनवर किंवा संगणकावर आपली लक्षणं भरतो, ठरावीक मर्यादेपलीकडे आकडा गेला की परिचारिकेला सूचना जाते, ती रोग्याला फोन करते. यावरचा सर्वांत गाजलेला प्रयोग न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग इस्पितळात ईथन बाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. रोग पसरलेल्या ७६६ रुग्णांपैकी काहींनी वेदनेसह बारा लक्षणं संगणकावर नोंदवली, बाकीच्यांना नेहमीची सेवा मिळाली. नोंदवणाऱ्या गटात जीवनमान सुधारलेल्यांचं प्रमाण ३४ टक्के निघालं, दुसऱ्या गटात १८ टक्के. २०१७ साली आणखी एक निष्कर्ष आला: नोंदवणाऱ्या रुग्णांच्या आयुष्याचा मध्यक ३१.२ महिने निघाला, इतरांचा २६ महिने. नवं औषध कोणतंच दिलेलं नव्हतं. सूचना आली की परिचारिका चारापैकी सुमारे तीन वेळा लगेच काहीतरी करत होत्या, आणि माझ्या मते प्रयोगाचा जीव तिथेच आहे.

याच प्रयोगात आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांना संगणकाची सवय नव्हती, त्यांना फायदा अधिक झाला. "आमच्या म्हाताऱ्यांना हे जमायचं नाही" असं आपण परस्पर ठरवून टाकतो, त्याला हे चांगलं उत्तर आहे. सवय नसलेला माणूस बहुधा बोलायलाही कचरतो, आणि त्याला विचारणारं कोणी भेटलं की त्याच्या पदरात जास्त पडतं.

पुढचे प्रयोग मोठे झाले आणि दावे जमिनीवर आले. फ्रान्समध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाच्या रुग्णांनी दर आठवड्याला इंटरनेटवरून लक्षणं कळवली, तिथेही आयुष्य वाढल्याचं आढळलं. युरोपातल्या पाच देशांत ८२९ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात केमोथेरपीच्या काळातला लक्षणांचा भार हलका झाला; त्याचे निष्कर्ष २०२१ साली आले. अमेरिकेतल्या ५२ छोट्या-मोठ्या केंद्रांत १,१९१ रुग्णांवर झालेला प्रयोग आपल्याला सर्वांत जवळचा, कारण तो बड्या इस्पितळाबाहेर झाला. आठवड्याची प्रश्नावली इंटरनेटवर भरायची किंवा आपोआप येणाऱ्या फोनला उत्तरं द्यायची, अशी मुभा होती. अपेक्षित नोंदींपैकी ९१ टक्क्यांहून अधिक नोंदी भरल्या गेल्या. हिंडण्याफिरण्याची ताकद, लक्षणांवरचा ताबा आणि जीवनमान तिन्ही सुधारलं. मात्र २०२५ साली आलेल्या अंतिम निष्कर्षांत आयुष्य वाढलेलं दिसलं नाही; तातडीच्या विभागात धाव घेण्याची वेळ तेवढी लांबली. मला हे कमी वाटत नाही. आयुष्य तेवढंच राहिलं आणि त्यातल्या रात्री झोपेत गेल्या, तरी ते औषधच झालं. युरोपच्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ साली अशा नोंदी नेहमीच्या उपचाराचा भाग कराव्यात, अशी शिफारस केली आहे.

मुलांसाठी टोरोंटोच्या बालरुग्णालयात 'पेन स्क्वॉड' नावाचं ॲप तयार झालं. त्यात मूल वेदनेचा माग काढणारा पोलीस होतं आणि नोंदी भरत गेलं की त्याला बढती मिळते. मुलांनी नोंदी फारशा चुकवल्या नाहीत. दुखण्याबद्दल बोलणं हे तक्रार करणं नाही, कामगिरी आहे, एवढं त्या ॲपने त्यांना पटवलं.

यंत्राची नजर

दुसऱ्या जातीची साधनं रोग्याला काही विचारतच नाहीत. मनगटी घड्याळ झोप आणि हालचाल मोजतं. कॅमेरा कपाळाच्या आठ्या आणि ओठांची मुरड पाहून वेदनेचा अंदाज बांधतो. ऑस्ट्रेलियात असं ॲप स्मृतिभ्रंशाच्या वृद्धांसाठी वापरात आहे. ज्यांना बोलताच येत नाही, त्यांच्यासाठी ते मोलाचं. आपल्याकडे यात एक अडचण आहे. सोसणं हा आपल्या घरांतला मोठा गुण मानला जातो, बायकांच्या बाबतीत तर अधिकच. मावशी पाहुण्यांसमोर उशीला टेकून हसत बसायची आणि पाठीमागे चादरीची गाठ मुठीत आवळलेली असायची. तिच्या चेहऱ्यावरून यंत्राने काय ओळखलं असतं, कोण जाणे.

आभासी दृश्यांचा चष्मा हे आणखी एक साधन. डोळ्यांपुढे समुद्र किंवा रान उभं करून लक्ष वळवलं की दुखणं काही काळ कमी जाणवतं, असं छोट्या अभ्यासांत दिसलं आहे. गोव्याला याचं नवल वाटू नये. सूचनेच्या बळावर मन एकाग्र करून शरीराची जाणीव बदलता येते, हे कांदोळीत जन्मलेल्या आबे फारियांनी दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये दाखवलं होतं. पण चष्मा उतरला की दुखणं परत येतं. तो गोळीचा सोबती होऊ शकतो, तिची जागा घेऊ शकत नाही.

आकड्यात न मावणारे शब्द

शून्य ते दहा हे माप डॉक्टरांच्या सोयीचं. आमच्याकडची म्हातारी माणसं दुखणं आण्यांत सांगतात. "रुपयात बारा आणे उतरलं," म्हटलं की किती फरक पडला ते नेमकं कळतं. कोकणीत "मात्शें दुखता", "खूब दुखता" आणि "सामकें सोसना" या तीन पायऱ्यांत सगळी पट्टी येते. शेवटची पायरी आली की घरातलं माणूस चप्पल घालून गाडी बघायला धावतं. ॲप करणाऱ्याने हे शब्द पट्टीवर बसवले, तर आकडा शिकवायची गरज उरत नाही.

याहून महत्त्वाचं म्हणजे आमच्या शब्दांत निदान असतं. आग होते, मुंग्या येतात, करंट बसल्यासारखी शिणक जाते, असं कोणी म्हणालं तर नस दुखावलेली असण्याचा संभव मोठा. तिथे ॲमिट्रिप्टिलीन किंवा गॅबापेंटिनसारखी औषधं जोडावी लागतात. खोल ठणका असेल तर हाडाकडे लक्ष जातं, आणि तिथे किरणोपचाराची एकच बैठकही पुष्कळदा आराम देते. पोट पिळवटत असेल तर आतड्याचा विचार करायचा. या तिघांनाही फोनवर "सात" हाच आकडा टाकता येईल, आणि तिघांचं औषध वेगळं आहे. म्हणून चांगल्या साधनात आकड्याच्या जोडीला शब्द निवडायची सोय हवी, अंगाचं चित्र हवं, आणि बोलून सांगायची सोय तर हवीच. गोव्यात घरात बोलायची भाषा कोकणी, वाचायची बहुधा मराठी. लिहिलेलं मराठीत आणि ऐकू येणारं कोकणीत, असं साधन आमच्या घरांना सवयीचं वाटेल.

मग प्रश्न येतो फोन कुणाच्या खिशात आहे याचा. तो बहुतेक घरांत मुलाच्या किंवा सुनेच्या हातात असतो. आजारी माणसाच्या वतीने घरचे नोंद भरतात, तेव्हा काळजीपोटी आकडा बहुधा वर जातो. डॉक्टर आणि परिचारिकांचा अंदाज उलट खाली राहतो. शिवाय कित्येक घरांत रोगाचं नावच रोग्याला सांगितलेलं नसतं. अशा घरच्या फोनवर 'कर्करोग वेदना नोंद' अशी सूचना झळकली, तर लपवलेलं सगळं एका क्षणात उघडं पडेल. २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण गावात खाजगीपण जपायला कायद्याच्या आधी साधन बनवणाऱ्याची समज लागते.

अमेरिकेचा एक कडू धडाही विसरता कामा नये. १९९० च्या दशकात तिथे नाडी, ताप, श्वास, रक्तदाब यांच्या पंगतीत वेदनेलाही बसवलं गेलं. आकडा खाली आणणं हेच ध्येय होऊन बसलं, आणि अफूजन्य औषधांचा जो पूर आला त्याची किंमत तो देश अजून मोजतो आहे. सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस उघडलं. त्या 'संपूर्ण वेदना' म्हणत, तेव्हा शरीराबरोबर मनाची, घरच्यांची, पैशांची आणि श्रद्धेची वेदनाही त्यांना अभिप्रेत होती. तिचा आकडा गोळीने उतरत नाही. "माझ्यामागे धाकटीचं कोण बघेल" ही कळ फोनला नोंदवता आली, तरी ऐकून घ्यायला माणूसच लागतो.

गोळी कुठे आहे?

नोंद झाली, सूचना गेली, डॉक्टरांनी पाहिली. आता औषध. इथे आपला रस्ता अडतो. अफू आपल्याला नवी नाही: १५६३ साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ऑर्टा यांच्या ग्रंथात अफूवर स्वतंत्र संवाद आहे. ज्या देशात अफूची कायदेशीर शेती आजही होते, त्याच देशात तिच्यापासून निघणारं मॉर्फिन मरणाच्या दारातल्या माणसाला सहजी मिळत नाही. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने त्याभोवती परवान्यांची इतकी कुंपणं घातली की इस्पितळांनी ते ठेवणंच सोडलं. २०१४ साली कायदा दुरुस्त झाला, मॉर्फिनसह सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि मान्यताप्राप्त संस्थांना ती ठेवणं सोपं झालं. तरी २०१७ च्या लॅन्सेट आयोगाने जगाचा हिशेब मांडला, तेव्हा भारतात गरजेच्या जेमतेम ४ टक्के वेदनाशामक अफूजन्य औषध पोचत असल्याचं दिसलं.

डिजिटल साधनांच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. २५ मार्च २०२० रोजी आलेल्या केंद्राच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार अमली पदार्थ कायद्याखालची औषधं दूरस्थ सल्ल्यावर लिहून देता येत नाहीत. म्हणजे पेडण्याच्या टोकाच्या गावातून कोणी व्हिडिओवर डॉक्टरांना आपली कळ दाखवू शकेल, पण त्या कळेचं खरं औषध त्या भेटीतून मिळणार नाही. गैरवापराची भीती खोटी नाही, पण नियम करताना खाटेला खिळलेला माणूस डोळ्यांपुढे नव्हता. नोंदणी झालेल्या, एकदा समक्ष तपासलेल्या कर्करुग्णाला पुढची मात्रा दूरवरून बदलून देण्याची मुभा मान्यताप्राप्त संस्थांना मिळायला हवी. कोणत्याही नव्या ॲपपेक्षा या एका दुरुस्तीने जास्त माणसं झोपतील.

गोव्याला हे जमेल का?

जमेल, कारण हृदयाच्या बाबतीत गोव्याने ते करून दाखवलं आहे. २०१८ साली सुरू झालेल्या 'स्टेमी' प्रकल्पात तालुक्याच्या आरोग्य केंद्रात छातीत दुखणाऱ्या माणसाचा ईसीजी काढतात, तो यंत्रावरून तज्ज्ञांकडे जातो, काही मिनिटांत उत्तर येतं आणि गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन तिथेच देऊन मग रुग्ण बांबोळीच्या मोठ्या इस्पितळाकडे रवाना होतो. इंजेक्शन केंद्राच्या कपाटात नसतं, तर तो ईसीजी नुसता कागदच राहिला असता. २०२१ च्या ऑक्टोबरात 'स्वस्थ महिला स्वस्थ गोवा' मोहिमेत स्तनातली गाठ शोधणारं हातात धरायचं उपकरण आरोग्य केंद्रांत आलं. गाठ शोधायला यंत्र दारापर्यंत पोचलं, तर त्याच स्त्रीची कळ टिपायची सोयही तिथवर पोचायला हरकत नसावी.

माणसांचा पायाही इथे आहे. देशातलं पहिलं हॉस्पिस, शांती आवेदना, १९८६ साली मुंबईत वांद्र्याला सुरू झालं आणि त्याची शाखा गोव्यात लोटलीला आहे. पर्वरीच्या 'संगाथ' संस्थेने गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत गावच्या साध्या माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकरवी नैराश्यावर समुपदेशन घडवलं. त्याचे चांगले परिणाम २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आले. केरळमध्ये १९९३ पासून वेदनाशामक सेवेची चळवळ उभी राहिली, तिचं बळ शेजारपाजारचे स्वयंसेवक आहेत. मराठी मुलखात पुण्याच्या वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं उपशामक केंद्र आहे, मुंबईत टाटा रुग्णालयाचं पथक रुग्णांच्या घरी जातं. कुठलंही ॲप यांच्या जोडीला बसलं तर चालेल, यांच्या जागी बसवलं तर पडेल.

डिचोली तालुक्यापुरता विचार केला तरी चित्र स्पष्ट होतं. सर्वणहून बांबोळी सुमारे तीस किलोमीटर. निरोगी माणसाला तासाभराचा रस्ता, मणक्यात कर्करोग असलेल्याला प्रत्येक खड्ड्याची शिक्षा. त्याला रोज संध्याकाळी ठरल्या वेळी एक फोन यावा. आवाज कोकणीत किंवा मराठीत. प्रश्न तीनच: दुखलं किती, झोप लागली का, जादा गोळी किती वेळा घ्यावी लागली. साध्या बटणाच्या फोनवरही हे जमतं, रेंज नसेल तर घरच्यांनी दुसऱ्या दिवशी टेकडीवरून उत्तर द्यावं. उत्तर बिघडलं की डिचोली किंवा साखळीच्या आरोग्य केंद्रातल्या एका नेमून दिलेल्या सिस्टरला कळावं. तिच्या मागे बांबोळीचा डॉक्टर असावा आणि केंद्राच्या कुलूपबंद कपाटात मॉर्फिन असावं. हद्दीपलीकडच्या दोडामार्ग आणि बांद्याची माणसंही उपचाराला गोव्यातच येतात. त्यांच्यासाठी दोन राज्यांनी ही नोंद एकमेकांना वाचता येईल अशी ठेवावी. आज घरोघरी हे काम व्हॉट्सअ‍ॅपवरच्या आवाजी निरोपांनी होतं आहे, एखाद्या कनवाळू सिस्टरच्या स्वतःच्या फोनवर, तिच्या सुट्टीच्या दिवशीसुद्धा. तिच्या चांगुलपणावर यंत्रणा किती दिवस चालवायची?

झोपतानाची गोळी वाढवल्यावर मावशीने फुल्या मारायचं सोडलं नाही. पेन्सिल उशाशीच असायची. पण त्या पानावर पुढच्या अकरा दिवसांच्या चौकटींत तळाशी काही नव्हतं. बाराव्या दिवशी पहाटे एक फुली उमटली, आणि त्याच सकाळी आम्ही सिस्टरना फोन केला, कारण आता फुली उमटली की कुणाला सांगायचं ते आम्हांला ठाऊक होतं. ते पान मी जपून ठेवलं आहे. दुधाचा हिशेब आहे, सिलिंडरची तारीख आहे, आणि मावशी झोपली होती त्या अकरा रात्रींची कोरी जागा आहे.